कैलासाचा हिशेब

प्रति,
महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली

विषय : वेरूळचे लेणे क्रमांक १६ (कैलास) पाहायला येणाऱ्यांना सांगावयाची माहिती

महोदय,

वेरूळच्या कैलासाच्या मूळ कामात दगडावर दगड ठेवलेला नाही. जोते, खांब, छत, शिखर, अंगणातले हत्ती, दोन्ही बाजूंचे ध्वजस्तंभ हे सगळे एकाच कातळाचे आहे, आणि त्या कातळाचे बूड अजून डोंगरातच आहे. चरणाद्रीच्या पश्चिम उतारावर सुमारे दोन किलोमीटरच्या रांगेत क्रमांक दिलेली चौतीस लेणी आहेत. दक्षिणेकडून पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू आणि उत्तरेची पाच जैन. कैलास त्या रांगेच्या जवळजवळ मध्यावर येतो. बाकीची बहुतेक लेणी समोरून डोंगरात शिरत गेलेली आहेत. हे वरून खाली उतरत आले. फरक एवढाच, पण सगळे काही त्यातून निघते.

या देवळाबद्दल आज जे सर्वांत जास्त ऐकले जाते, ते देवळाच्या आवारात फारसे सापडत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत चार लाख टन दगड अठरा वर्षांत उपसला गेल्याचे सांगितले जाते, आणि लगेच पुढच्या वाक्यात हे माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे, असा निकालही दिला जातो. मग परग्रहावरचे लोक येतात, हरवलेली यंत्रे येतात. पाथरवट तेवढे येत नाहीत. म्हणून सुरुवात हिशेबापासून केलेली बरी.

देवळाभोवतीचा खड्डा सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागच्या बाजूला कड्याची उंची सुमारे १०७ फूट भरते. मीटरमध्ये हे अंदाजे ८४, ४७ आणि ३३. काळ्या बेसाल्टचे वजन घनमीटरला २.९ टनांच्या आसपास असते. हा खड्डा चारी बाजूंनी सारख्याच उंचीची पेटी आहे असे मानले आणि आत देऊळच नाही असेही मानले, तरी सगळा दगड मिळून पावणेचार लाख टनांच्या थोडाच पुढे जातो. म्हणजे पेटी पूर्ण रिकामी केली तरी चार लाख भरत नाहीत. प्रत्यक्षात डोंगर समोरच्या बाजूला पुष्कळ उतरता आहे आणि मध्ये अख्खे देऊळ उभे ठेवलेले आहे. ही वजावट केली की अभ्यासक सर्वसाधारणपणे देतात तो दीड ते दोन लाख टनांचा अंदाज पटतो. घनमीटरांत तो पन्नास ते सत्तर हजारांच्या दरम्यान येतो. एक पाथरवट दिवसाला घनमीटरचा दहावा हिस्सा दगड काढतो, असे धरू. अडीचशे माणसे वर्षाचे तीनशे दिवस राबली, तर वर्षाला साडेसात हजार घनमीटर निघतात, आणि नुसता उपसा सात ते नऊ वर्षांत आटोपतो. माणसे वाढवली की वर्षे कमी होतात. कोरीवकामाला लागणारा वेळ वेगळा, आणि तोच खरा मोठा. काम अवाढव्य आहे हे खरेच, पण राजाच्या कोठाराला आणि पिढीजात कारागिरांना झेपणारे आहे.

पद्धत कातळावरच लिहिलेली आहे. डोंगराच्या माथ्यावरून तीन चर खणले गेले. दोन चर कड्याला काटकोनात, आत जाणारे. तिसरा मागच्या बाजूने या दोघांना जोडणारा. मध्ये सुमारे २०० फूट लांब, १०० फूट रुंद आणि १०० फूट उंच असा कातळाचा ठोकळा सुटा राहिला. मग शिखरापासून कोरायला सुरुवात झाली. चर जसजसे खाली जात, तसतशी कारागिरांना उभे राहायला आपोआप नवी जागा मिळे, त्यामुळे उंच परांची बांधण्याची गरज फारशी उरली नाही. भोवतीच्या कड्यांवर टाकीच्या घावांच्या तिरक्या रेघा अजून दिसतात. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरके पडते, तेव्हा त्या अधिक उठून येतात. यंत्राची खूण हवीच असेल, तर लोखंडी टाकी आणि हातोडा यांचीच आहे.

खरे कोडे उपशाचे नाही, आराखड्याचे आहे. बांधकामात चूक झाली तर दगड काढून दुसरा लावता येतो. इथे कपची उडाली की उडाली. शिखराची पहिली रेघ मारतानाच, तिच्याखाली नव्वद-पंचाण्णव फुटांवर जोते कुठे येणार, सभामंडपाचे खांब कुठे उभे राहणार, नंदीमंडप आणि मुख्य देऊळ यांच्यामधल्या पुलासाठी किती दगड राखायचा, हे ठरलेले असायला हवे. एवढे मोठे देऊळ उलट्या क्रमाने कोरायचे, तर ते सुलट्या क्रमाने आधी कुठेतरी बांधलेले असावे लागते. तसे ते होते, आणि त्याचा पत्ताही ठाऊक आहे.

तो पत्ता कर्नाटकात मलप्रभेच्या काठी, पट्टदकलला आहे. बदामीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकली. विजय मिळवूनही त्याने तिथले कैलासनाथाचे देऊळ लुटले नाही. देवाची संपत्ती देवाला परत दिल्याचा त्याचा कन्नड लेख त्याच देवळात आहे. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने इसवी सन ७४०च्या सुमारास पट्टदकलला जे शिवालय उभारले, ते आज विरूपाक्ष म्हणून ओळखले जाते. तिथल्या लेखात गुंड अनिवारिताचारी या स्थपतीचे नाव नोंदलेले आहे. गोपुर, त्यामागे सुटा नंदीमंडप, तीन देवड्यांचा सभामंडप, द्राविड धाटणीचे विमान आणि भोवती प्राकार ही विरूपाक्षाची मांडणी वेरूळच्या कैलासात जवळपास तशीच येते. काही बाबतींत कातळातला कारागीर बांधीव देवळाचा इतका प्रामाणिक शिष्य आहे, की छताला आधाराची गरज नसतानाही त्याने खांबांवर तुळया कोरल्या आहेत. कांची, पट्टदकल, वेरूळ ही साखळी सांगितल्याशिवाय कैलासाची ओळख अर्धीच राहते. त्यात एक मौजही आहे : जो राजवंश चालुक्यांना उलथून गादीवर बसला, त्याने चालुक्यांच्याच देवळाचा नमुना उचलला.

तो राजवंश म्हणजे राष्ट्रकूट. दंतिदुर्गाने चालुक्य कीर्तिवर्म्याचा पराभव करून दख्खनची सत्ता घेतली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडाशी जोडलेला त्याचा ताम्रपट शके ६७५चा, म्हणजे इसवी सन ७५३-५४चा आहे. वेरूळशी त्याचा थेट संबंध कैलासाला लागूनच असलेल्या पंधरा क्रमांकाच्या दशावतार लेण्यात दिसतो. तिथल्या अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूटांची वंशावळ देणारा त्याचा लेख आहे. त्याच्यानंतर त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर आला. त्याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३ अशी मानली जाते.

कैलासात हे देऊळ अमक्याने अमक्या साली केले, असा लेख नाही. कर्ता कळतो तो बडोद्याला मिळालेल्या ताम्रपटातून. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाने शके ७३४ मध्ये, म्हणजे ८१२-१३ साली, दिलेल्या या दानपत्रात कृष्णराजाने एलापूर येथे उभारलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. विमानातून जाणाऱ्या देवांना ते पाहून आश्चर्य वाटते, हे मानवी काम नसून आपोआप झालेले असावे असे ते म्हणतात, आणि ज्याने ते घडवले त्या कारागिरालाही हे आपल्या हातून झाले कसे असा प्रश्न पडतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. एलापूर म्हणजे वेरूळ आणि हे देऊळ म्हणजे कैलास, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८३ साली दाखवून दिले. आजच्या परग्रहवाद्यांना हा ताम्रपट कुणीतरी वाचून दाखवायला हवा. ‘हे माणसाचे काम नव्हे’ ही कल्पना बाराशे वर्षांपूर्वीच सुचलेली होती; मात्र त्या कवीने ती स्तुती म्हणून वापरली, आणि घडवणाऱ्या माणसाला कवितेतून वगळले नाही.

आता देऊळ, आत शिरण्याच्या क्रमाने.

समोर दगडी पडद्याची भिंत आणि तिच्यात दुमजली गोपुर. भिंतीच्या बाहेरच्या अंगावर दिक्पाल आणि शिव-विष्णूंची रूपे. रस्त्यावरून आत काय आहे याचा अंदाज येऊ नये, अशी ती भिंत आहे, आणि तिचा परिणाम आजही तसाच होतो. दार ओलांडले की समोर गजलक्ष्मी. कमळांनी भरलेल्या तळ्यात ती बसली आहे आणि वरून हत्ती तिच्यावर कुंभ ओततात. तिच्यापासून डावी-उजवीकडे वाट फुटते आणि अंगण दिसते. दोन्ही बाजूंना एकेक मोठा हत्ती आणि एकेक ध्वजस्तंभ. हत्ती भग्न आहेत. स्तंभ सुमारे पंचेचाळीस फूट उंच असून बऱ्यापैकी शाबूत आहेत.

मुख्य देऊळ सुमारे पंचवीस फूट उंच भरीव जोत्यावर आहे. त्या जोत्यावर ओळीने हत्ती आणि सिंह कोरलेले आहेत. कुणी सोंडेने चारा ओढतो, कुणी झुंजतो, आणि वरचे सगळे देऊळ त्यांच्या पाठीवर तोललेले भासते. देवळाच्या तळाला हत्तींची रांग, म्हणजे गजथर, ही महाराष्ट्राच्या पुढच्या मंदिरांतही परिचयाची गोष्ट आहे. पण तिथे ती हातभर उंचीची पट्टी असते, इथे ती खऱ्या जनावरांच्या मापाच्या जवळ जाते. वर जायला पश्चिमेकडून दोन जिने आहेत. गोपुराचा वरचा मजला, नंदीमंडप आणि सभामंडपाची देवडी दगडी पुलांनी जोडलेली आहेत. सभामंडपात सोळा खांब, चारचारांच्या गटांत. मधली वाट आणि आडवी वाट यांचा त्यातून क्रूस तयार होतो. छताच्या मधोमध नटराज. पुढे अंतराळ, आणि गर्भगृहात लिंग.

गर्भगृहाच्या बाजूच्या दारांतून बाहेर पडले की उघड्या गच्चीवर विमानाची प्रदक्षिणा होते. या गच्चीच्या कडेने पाच लहान देवळ्या आहेत, प्रत्येकीला स्वतःचे शिखर. मधले विमान तीन तलांचे असून वर अष्टकोनी घुमटी आहे, आणि तिचा माथा अंगणापासून सुमारे ९६ फुटांवर जातो. गच्चीवरून जे दिसत नाही, ते डोंगरावरून दिसते : सभामंडपाच्या छतावर उमललेले मोठे कमळ आणि त्यावर चार दिशांना पाहणारे चार सिंह. कारागिराने आधी जे कोरले, ते बहुतेक पाहुणे सर्वांत शेवटी पाहतात किंवा पाहतच नाहीत.

शिल्पांपैकी रावणानुग्रहाच्या पटाशी थांबणे भाग आहे. तो दक्षिण बाजूला, जोत्यातच खोल कोरलेला आहे. वीस हातांचा रावण पर्वताखाली शिरून तो हलवतो आहे. त्याचे हात आणि डोकी मागच्या अंधारातून सुटी कोरलेली असल्यामुळे तो खरोखरच पोकळीत ताकद लावतो आहे असे वाटते. वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला बिलगली आहे, एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि शंकर मात्र पायाच्या अंगठ्याने पर्वत खाली दाबून निवांत. ही कथा वेरूळच्या इतर लेण्यांतही कोरलेली आहे. इथे तिला जागेमुळे वेगळा अर्थ येतो, कारण ज्या कैलासाखाली रावण दबला आहे, तो कैलास म्हणजे वर उभे असलेले हेच देऊळ. अनेक अभ्यासकांच्या मते हा पट मूळ आराखड्यात नव्हता. जोत्याची आधीची घडण कापून तो नंतर बसवला गेला. नंतर सुचलेली गोष्ट देवळाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ठरली.

सभामंडपाच्या दक्षिण भिंतीवर रामायण आणि उत्तर भिंतीवर महाभारत ओळींवर ओळी रचून कोरले आहे. उत्तरेच्या खालच्या ओळींत कृष्णाच्या बाललीलाही आहेत. आकृत्या लहान आहेत आणि घाईने चालणाऱ्याला त्या नुसत्या नक्षीसारख्या वाटतात. पोरांना घेऊन आलेल्या आईबापांसाठी मात्र या दोन भिंती म्हणजे उघडी पोथी आहे. त्याच दक्षिण बाजूला रावणाशी झुंजणारा जटायूही शोधून पाहण्यासारखा आहे.

अंगणाभोवतीच्या कड्यांतही खोदकाम आहे. तळाशी ओवऱ्या आणि त्यांत शिव-विष्णूंच्या मूर्तींची दालने. उत्तरेला गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे छोटे देवालय. त्याच बाजूला वर लंकेश्वर. दक्षिणेला सप्तमातृकांचे दालन, ज्याला यज्ञशाळा म्हणतात. लंकेश्वराचे खांब बुटके, जाड आणि भरपूर कोरीव आहेत, मुख्य मंडपाच्या खांबांशी त्यांचा स्वभाव जुळत नाही. दक्षिणेकडच्या कड्यातील दालनांना मुख्य देवळाशी जोडणारा दगडी पूल कधीकाळी कोसळला.

या फरकांमुळेच देऊळ एका राजाचे की अनेकांचे, हा वाद उभा राहिला. हेर्मान गोत्झ यांनी १९५२ साली असे मांडले, की काम दंतिदुर्गापासून सुरू होऊन अनेक राजवटींत टप्प्याटप्प्याने होत गेले. म. के. ढवळीकर यांनी १९८०च्या दशकात शैलीचा बारकाईने अभ्यास करून मुख्य देऊळ, नंदीमंडप आणि गोपुर यांचा मोठा भाग कृष्णराजाच्या काळातच झाल्याचे आणि कड्यांतली पुष्कळशी दालने नंतरची असल्याचे दाखवले. कातळ पाहता ढवळीकरांचे म्हणणे अधिक पटते : मधल्या देवळाच्या आराखड्यात एक मन दिसते, कडेच्या कामांत अनेक. अठरा वर्षांचा प्रचलित आकडा बहुधा कृष्णाच्या कारकिर्दीच्या लांबीवरूनच आलेला आहे. तो मधल्या देवळापुरता ओढूनताणून चालेल. सगळ्या संकुलाला लावता येणार नाही.

आजचा काळा रंग हाही पाहणाऱ्याची दिशाभूल करतो. देवळावर गिलावा होता आणि त्याचे पांढरट अवशेष जागोजागी टिकून आहेत. बर्फाच्या पर्वताचे नाव असलेले देऊळ पांढरे असणे स्वाभाविकच. पश्चिमेच्या देवडीच्या छतावर रंगचित्रे आहेत, एकावर एक थरांत. वरच्या थराचा पोपडा गेला तिथे खालचे चित्र डोकावते. एका युद्धप्रसंगाच्या चित्रात नागरी अक्षरांतली नावेही लिहिलेली आहेत. परिसरात या लेण्याला रंगमहाल म्हणत, ते याच रंगांमुळे.

लोककथेने राजाचे नाव विसरून पद्धत लक्षात ठेवली. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’मध्ये येणारी गोष्ट अशी : एलापूरच्या राजाची व्याधी बरी व्हावी म्हणून राणी माणकावतीने घृष्णेश्वराला नवस केला, की देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण शिखर दिसायला वर्षे लागणार असे सगळे स्थपती सांगू लागले. पैठणचा कोकस मात्र आठ दिवसांत शिखर दाखवतो म्हणाला, आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला घेतले. राणीच्या नावावरून देवळाला माणकेश्वर म्हणू लागले. गोष्टीत इतिहास कमी आहे, पण शिखर आधी आणि पाया शेवटी, ही तांत्रिक बाब तिने बरोबर पकडली आहे. गाईड ही गोष्ट सांगतात, त्यांनी ती सांगावीच. बडोद्याच्या ताम्रपटाची गोष्ट तिच्या शेजारी ठेवावी एवढेच.

दुसरी एक गोष्ट मात्र शेजारी ठेवण्यासारखी नाही. औरंगजेबाने हजार माणसे लावून तीन वर्षे देऊळ फोडायचा प्रयत्न केला आणि ते फुटले नाही, असे सांगितले जाते. मूर्तींची नाके, हात, सोंडा तुटलेल्या आहेत आणि त्यांतली मोडतोड मुद्दाम केलेलीही आहे. पण या हजार माणसांना आणि तीन वर्षांना समकालीन कागदांचा आधार नाही. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास ‘मआसिर-ए-आलमगिरी’ वेरूळचे वर्णन करतो, ते पाहणाऱ्याला भुरळ घालणारे ठिकाण म्हणून.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. चार्ल्स मॅलेट १७९४ साली इथे आला आणि त्याने वर्णन लिहिले. जेम्स वेल्सने काढलेल्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली चित्रसंग्रह छापला. जेम्स बर्जेस यांनी १८८३ साली मोजमापांसह सविस्तर ग्रंथ दिला. वेरूळ तेव्हा निजामाच्या मुलखात होते. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली गुलाम याझदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खाते काढले आणि लेण्यांची देखभाल त्याच्याकडे आली. १९८३ साली युनेस्कोने वेरूळला जागतिक वारसा यादीत घेतले.

प्रवेशाशी लावायच्या मराठी फलकावर किंवा गाईडांच्या प्रशिक्षणात यातले किती घ्यायचे, हे सर्वेक्षणाने ठरवावे. पण तीन गोष्टी गाळता येणार नाहीत : मोजमापांचा हिशेब, बडोद्याचा ताम्रपट आणि पट्टदकलचा नमुना. त्यांच्या जोडीला एक वाट दाखवावी. कैलास पाहून झाल्यावर बहुतेक बस परत फिरतात. त्या उत्तरेला जैन लेण्यांकडे वळवाव्यात. तीस क्रमांकाचे लेणे छोटा कैलास म्हणून ओळखले जाते. जैन कारागिरांनी मोठ्या कैलासाची ती लहान प्रतिकृती तशीच वरून कोरायला घेतली आणि काम अर्धवट सोडले. मोठ्या कैलासात जे पुसले गेले, ते तिथे उघडे आहे : न कोरलेला कातळ, अर्धवट सुटलेली बाजू, आणि टाकी जिथे थांबली ती जागा.

आपला,
वेरूळचा एक जुना वारकरी